एक रुग्ण, चार आजार, पाच दवाखाने: कोकणातल्या घराने उपचारांची टीम कशी बांधायची

ज्या घरात एकाच माणसाला एकाच वेळी तीन-चार जुनाट आजार आहेत, त्या घरासाठी हा लेख आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा पंप कमजोर, मूत्रपिंडं थकलेली, त्यातच गुडघे गेलेले. माणूस दापोली, राजापूर किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत राहतो, मुलं मुंबई-पुण्याला. डॉक्टर मिळत नाहीत ही अडचण खरीच आहे. पण अशा घरांत त्याहून जास्त वेळा दिसतं ते असं: डॉक्टर चार झालेले असतात, आणि बाकीच्या तिघांनी काय लिहून दिलंय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसतं. बीपीची गोळी दोन नावांनी दोनदा पोटात जाते. गावातल्या उपकेंद्राला तर अशी आजी आपल्या हद्दीत आहे याचाच पत्ता नसतो.

बहुतेक घरं सुरुवात वरून करतात. आधी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची वेळ, मग तपासण्या, मग नवीन गोळ्या, आणि गावातल्या माणसांना सगळ्यात शेवटी, तेही काही बिघडलं तरच सांगायचं. हा क्रम उलटा करावा लागतो. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळलात तर पुढचा उभा राहत नाही.

उदाहरणासाठी एक आजी डोळ्यांसमोर ठेवू. वय ७४, मधुमेह, बीपी, हृदय कमजोर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं, गुडघेदुखी. घरी मुलगा बागेत, सून घर सांभाळते, धाकटा मुलगा डोंबिवलीला.

## तयारी: पहिला आठवडा फक्त नोंदीचा

डॉक्टरकडे जायची घाई करू नका. आधी या वस्तू जमवा: प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एक जाड फाईल (आपल्याकडच्या दमट हवेत सुटे कागद एका पावसाळ्यात चिकटतात), एक मोठी वही, दंडावर बांधायचं बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, वजनकाटा आणि थर्मामीटर. मनगटावरचं बीपी मशीन घेऊ नका, त्यात हाताची उंची जरा चुकली की आकडा चुकतो. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर ओलसर हवेने पट्ट्या बिघडतात आणि शुगर भलतीच दिसते, म्हणून तारीख बघा आणि झाकण लगेच लावा.

सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा. मोजण्याआधी पाच मिनिटं आजींना खुर्चीत पाठ टेकून शांत बसू द्या. पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको. मिश्रीचं मुद्दाम सांगतो, कारण ती तंबाखू आहे हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मग आजींना उभं करा आणि एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर त्याखाली लाल रेघ मारा.

या नोंदीवर एवढा भर का? पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून, एसटीचे धक्के खाऊन, तासभर रांगेत बसून आजी डॉक्टरसमोर पोचतात तेव्हा त्यांचा बीपी १७० दिसतो. डॉक्टर गोळी वाढवतात. घरी आल्यावर बीपी १०५ वर येतो, रात्री लघवीला उठताना आजी पडतात आणि खुबा मोडतो. आठवड्याची वही समोर असली तर डॉक्टरचा निर्णय वेगळा होतो.

तपासा: वहीत सात दिवसांचा बीपी, किमान तीन दिवसांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर, आणि रोजचं सकाळचं वजन आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: घरातली सगळी औषधं एका चटईवर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

औषधं म्हणजे डॉक्टरने लिहिलेलीच नव्हेत, घरात आहेत ती सगळी. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवरची, उशाखालची, फ्रिजच्या दारातली, ट्रंकेतली. डोळ्यांत घालायचे थेंब, इन्सुलिन, वैद्यांचं चूर्ण, झोपेची अर्धी गोळी, मेडिकलमधून सांगून आणलेली गुडघ्याची गोळी, शेजारणीने ‘मला बरं वाटलं’ म्हणून दिलेली पट्टी, आणि नाव-गाव नसलेल्या पुड्या. सगळं माजघरात चटईवर मांडा.

आता वहीच्या दोन पानांवर तक्ता काढा. रकाने हे: पाकिटावरचं मोठं नाव, त्याखाली बारीक अक्षरात छापलेला घटक आणि मिलिग्रॅम, कुणी दिलं, कशासाठी दिलं, कधी घ्यायला सांगितलं, आणि आजी खरोखर कधी घेतात. शेवटचा रकाना भरताना रागावू नका. ‘रोज घेता ना?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘आठवड्यातून किती वेळा राहून जाते?’ असं विचारा. लघवीची गोळी लग्नाला किंवा तालुक्याला जायच्या दिवशी आजी घेत नाहीत, हे त्यातूनच कळतं.

तक्ता झाला की या गोष्टी शोधा:

- एकच घटक दोन नावांखाली. एका पाकिटावर टेल्मिसार्टन (बीपीचं औषध) आणि दुसऱ्यावर टेल्मिसार्टन अधिक लघवीचं औषध, हे वारंवार सापडतं. शुगरच्या जोडगोळ्यांतही तसंच, मेटफॉर्मिन सुटंही आणि जोडीतही.
- अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. बीपीची सार्टन किंवा प्रिल गटातली गोळी (घटकाच्या नावाच्या शेवटी ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ येतं) आणि लघवीची गोळी चालू असताना यांची भर पडली, की आधीच थकलेलं मूत्रपिंड थोड्या दिवसांत आणखी खाली येतं. हृदय कमजोर असेल तर अंगात पाणीही साचतं.
- एका औषधाच्या त्रासावर दिलेलं दुसरं औषध. बीपीच्या अमलोडिपिनने पावलं सुजतात, ती सूज बघून दुसरा डॉक्टर लघवीची गोळी देतो, तिने चक्कर येते, मग चक्करेची गोळी येते. अशी साखळी दिसली तर बाणांनी जोडून दाखवा.
- मागच्या डिस्चार्ज कार्डावर बंद केलेलं, तरी अजून चालू असलेलं औषध.

सावधान: तक्ता करणाऱ्याने स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही. इन्सुलिन, फिटची औषधं, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. बिननावाच्या पुड्यांचंही तेच. त्यांत स्टिरॉइड असू शकतं, आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड अचानक बंद केलं तर माणूस कोसळतो. पुडी त्याच दिवशी डॉक्टरला नेऊन दाखवा आणि किती महिने चालू आहे ते सांगा. अंगदुखीची गोळी मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरशी बोलेपर्यंत न घेतलेलीच बरी.

## टप्पा २: आजींना काय हवंय ते विचारा

हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि हमखास राहून जातं. घरातले सगळे आजींबद्दल बोलतात, आजींशी कुणी बोलत नाही. एकट्या असताना विचारा, सुनेसमोर किंवा मुलासमोर त्या मोकळं बोलणार नाहीत. ‘काय जमायला हवं असं वाटतं? कशाची भीती वाटते? काय अजिबात नको?’ उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ‘ग्रामदेवतेच्या देवळात चालत जायचंय’, ‘रात्री सलग झोप हवी’, ‘मुंबईला नेऊन ठेवू नका’.

या उत्तरांनी उपचार बदलतात. तिशीतल्या मधुमेहीची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७ टक्क्यांच्या खाली ठेवायचा आग्रह योग्य असतो. चार आजार असलेल्या चौऱ्याहत्तरीच्या आजींना ८ च्या आसपास ठेवणंही डॉक्टर मान्य करतात, कारण त्यांना शुगर उतरून पडण्याचा धोका मोठा. किती ठेवायची हे डॉक्टर ठरवतील, पण आजी एकट्या झोपतात, एकादशी-सोमवार कडक धरतात, हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

## टप्पा ३: एक मुख्य डॉक्टर ठरवा

मुख्य डॉक्टर म्हणजे ज्याच्याकडे आजींच्या औषधांची एकच, अंतिम यादी असते. हृदयवाले, मूत्रपिंडवाले, डोळेवाले डॉक्टर सल्ला देतात, त्यांच्या चिठ्ठ्या याच माणसाकडे येतात, आणि यादीत काय जाईल, काय निघेल हे तो पाहतो.

इथली ठरलेली चूक म्हणजे नाव बघून निवड करणं. मोठं नाव मुंबईत बसतं, आणि जुलैच्या रात्री आजींना धाप लागते तेव्हा ते उपयोगाचं नाही. निवड करताना एवढंच बघा: भर पावसात तासाभरात पोचता येईल का, फोन घेतात का, आणि लिहून द्यायला तयार आहेत का. हा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी असू शकतो किंवा तालुक्याचा फॅमिली डॉक्टर. केंद्रातले डॉक्टर बदलून जातात ही खरी अडचण आहे, म्हणूनच फाईल घरात राहिली पाहिजे आणि बदलीची कुणकुण लागली की जुन्या डॉक्टरांकडून अर्ध्या पानाचा सारांश लिहून घेतला पाहिजे.

विचारायचं कसं, इथे बरेचजण अडखळतात. सरळ म्हणा: ‘डॉक्टर, आईची सगळी औषधं एका तक्त्यात लिहून आणलीत. तुम्ही एकदा बघून यातली कोणती ठेवायची ते ठरवाल का? पुढे कुणीही नवीन गोळी दिली तर आधी तुम्हाला दाखवू.’ आठवड्याच्या नोंदी आणि तक्ता घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत. बाजाराच्या दिवशी भर गर्दीत मात्र जाऊ नका, फोन करून ओपीडी संपतानाची वेळ मागा.

तपासा: डॉक्टरने सही करून दिलेली एकच यादी हातात आली का? तिच्यावर तारीख आहे का? आली की जुन्या सगळ्या चिठ्ठ्यांवर आडवी रेघ मारून त्या फाईलच्या मागच्या कप्प्यात टाका. यादीतून निघालेल्या गोळ्या घरात ठेवू नका.

## टप्पा ४: गावातल्या माणसांना काम वाटून द्या

टीम नव्याने आणायची नसते. माणसं गावात असतात, त्यांना एकमेकांचं काम माहीत नसतं एवढंच.

समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय आणि तिथे सीएचओ बसतात. आजींचा महिन्याचा बीपी-शुगर तपास, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या नेहमीच्या गोळ्या देणं आणि ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवरून वरच्या डॉक्टरशी बोलणं करून देणं, ही कामं तिथे होतात. ई-संजीवनीत सीएचओ शेजारी बसून आकडे सांगतात, त्यामुळे मुलाने डोंबिवलीहून केलेल्या व्हिडिओ कॉलपेक्षा डॉक्टरला कितीतरी जास्त कळतं. पहिल्या भेटीला फाईल घेऊन जा आणि आजींची नोंद त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत झाली का ते विचारा.

आशाताई. वाडीतलं घर न्‌ घर त्यांना माहीत असतं. आजी दोन दिवस खळ्यात दिसल्या नाहीत हे पहिलं त्यांच्या लक्षात येतं. त्यांना ‘पिवळी लक्षणं’ (पुढे टप्पा ६ मध्ये आहेत) सांगून ठेवा. मात्र त्या रोज येऊन इन्सुलिन टोचतील अशी अपेक्षा धरू नका. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामावर मोबदला मिळतो, आणि त्यांच्याकडे हजारभर लोकवस्ती असते.

आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक. पावसाळ्यातल्या तापाच्या फेऱ्या, रक्ताचे नमुने, जखमेची मलमपट्टी कुठे होईल याची माहिती यांच्याकडे.

मेडिकलवाले. यांना टीममध्ये कुणी धरत नाही, आणि औषधांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. शक्यतो एकच दुकान धरा, यादीची प्रत तिथे द्या आणि सांगून ठेवा: आईला अंगदुखीची गोळी सांगून मागितली तरी देऊ नका. दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर पाकिटावर पेनने ‘बीपी सकाळ’ असं लिहून द्या.

रिक्षावाला. दोघांचे नंबर हवेत, एकाचा पुरत नाही. रात्री येणार का हे आत्ताच विचारून घ्या.

घरातला फाईलवाला. एक माणूस, एकच. बहुतेक घरांत हे काम न विचारता सुनेच्या गळ्यात पडतं. तिला विचारा, आणि तिने हे घेतलं तर तिची दुसरी कामं कुणीतरी उचला.

मुंबईतला मुलगा. याला नेमकं काम द्या, नाहीतर तो काळजीपोटी रोज नवीन सल्ला पाठवतो. सगळ्या रिपोर्टचे फोटो तारखेनुसार ठेवणं, आयुष्मान कार्ड आणि १४ अंकी आभा (डिजिटल आरोग्य खात्याचा) नंबर काढून देणं, मोठ्या दवाखान्याच्या वेळा घेणं, दर रविवारी वहीतले आकडे फोनवर लिहून घेणं. औषध बदलायचं ठरवणं हे त्याचं काम नाही, त्याच्या ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर काहीही सांगितलं तरी.

सावधान: कुणाला काय सांगायचं हे आजींना विचारून ठरवा. वाडी लहान असते. क्षयरोग, मानसिक आजार, लघवी न आवरणं या गोष्टी रिक्षावाल्याला कळायची गरज नाही. त्याला फक्त कुठे न्यायचं ते कळलं पाहिजे.

## टप्पा ५: अर्ध्या तासाची बैठक

सगळे एकदा एकत्र बसले नाहीत तर वर वाटलेली कामं पंधरा दिवसांत विसरली जातात. दिवस निवडताना दोन गोष्टी सांभाळा. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, म्हणून बैठक तेव्हाच घ्यावीशी वाटते. घ्या, पण आरतीच्या गडबडीत नको. विसर्जनानंतरचा एक दिवस मुलाने रजेत धरून ठेवावा. दुसरं, उपकेंद्राचा लसीकरणाचा दिवस टाळा.

जागा उपकेंद्र किंवा घरची पडवी. आजी, फाईलवाली, मुलगा, सीएचओ, आशाताई एवढे हवेतच. मुख्य डॉक्टर येऊ शकले नाहीत तर दहा मिनिटं फोनवर घ्या. बोलण्याचा क्रम असा ठेवा: सुरुवात आजींनी करायची. मग यादी वाचायची. मग डॉक्टरांना एकच प्रश्न, ‘पुढच्या तीन महिन्यांत यांना सगळ्यात मोठा धोका कशाचा?’ चारही आजारांवर एकाच वेळी जोर लावला तर कशावरच लागत नाही. आजींच्या बाबतीत उत्तर बहुधा ‘अंगात पाणी साचणं’ हे येईल, मग वजन आणि मीठ ही दोन कामं पुढे येतात आणि बाकीची थोडी मागे राहतात.

शेवटी प्रत्येकाने आपलं काम स्वतःच्या शब्दांत बोलून दाखवायचं. ‘समजलं ना?’ असं विचारून काही कळत नाही.

## टप्पा ६: एका पानाचा आराखडा

हे पान फ्रिजवर किंवा दाराच्या आतल्या बाजूला लावायचं. मोठ्या अक्षरात, तीन रंगांत.

हिरवं, म्हणजे नेहमीचं. औषधांच्या वेळा, रोजचं वजन, झोपण्याआधी दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघणं. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असली तर काटा घुसलेला कळत नाही.

पिवळं, म्हणजे त्याच दिवशी मुख्य डॉक्टर किंवा सीएचओला फोन. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणं, पावलांची सूज चढणं, आडवं झाल्यावर धाप लागून उशा वाढवाव्या लागणं, शुगर दोनदा ३०० च्या वर, शुगर एकदा जरी ७० च्या खाली, पायाला कसलीही जखम, ताप, उलट्या-जुलाब, लघवी कमी होणं, अचानक असंबद्ध बोलणं. असंबद्ध बोलणं म्हणजे वय झालं असं समजून सोडून देतात. वृद्ध माणसात कधीकधी जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षण तेच असतं.

लाल, म्हणजे सरळ १०८. छातीत दाब किंवा दुखणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, बसूनही न थांबणारी धाप, शुद्ध जाणं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी स्कॅन रात्रीही चालू असलेलं आपल्या जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच विचारून पानावर लिहा.

या पानावर तीन गोष्टी डॉक्टरकडून स्वतंत्र लिहून घ्या.

पहिली, शुगर उतरली तर काय करायचं. शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. वर आली की पेज किंवा भात खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून डॉक्टरला फोन करायचा राहू देऊ नका.

दुसरी, उलट्या-जुलाब किंवा अन्न न जाण्याच्या दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या. मेटफॉर्मिन, लघवीची गोळी, सार्टन किंवा प्रिल गटातली बीपीची गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन (शुगर-हृदयासाठी देतात ती गोळी) ही औषधं शरीर कोरडं पडलेलं असताना त्रास देतात. यातली कोणती, किती दिवस थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे नावांसकट लिहून घ्या. इन्सुलिन मात्र जेवण कमी झालं म्हणून पूर्ण बंद करायचं नसतं, डोस किती कमी करायचा तेही विचारा.

तिसरी, पथ्य. ‘मीठ कमी करा’ एवढ्याने आपल्याकडे काही होत नाही. सून भाजीत मीठ कमी घालते आणि ताटात सुकट, मिठातली कैरी, पापड आणि लोणचं असतंच. कोकमाचं आगळ तर मिठात मुरवलेलं असतं, त्याच्या सोलकढीत वरून मीठ घातलं नाही तरी भरपूर मीठ जातं. सुकी आमसुलं भिजवून केलेली चालेल का ते विचारा. नारळपाण्यात पोटॅशियम जास्त असतं, मूत्रपिंड थकलेलं असेल आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर ‘थंड आहे’ म्हणून रोज एक शहाळं देणं धोक्याचं.

सावधान: दुकानात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका.

## टप्पा ७: मोठ्या दवाखान्यात जाणं, आणि परत येणं

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मुख्य डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि तिच्यात प्रश्न हवा. ‘पुढील उपचारांसाठी’ असं लिहिलेल्या चिठ्ठीला उत्तर म्हणून नवीन गोळ्याच येतात. ‘क्रिएटिनिन वाढतंय, लघवीची गोळी कमी करावी का?’ असं लिहिलं तर त्याचं उत्तर येतं. सोबत अंतिम यादी, आठवड्याची वही, जुने ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी).

पैशांबद्दल एक गैरसमज फार आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं ५ लाखांचं कवच मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असतं, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नव्हे. ७० वर्षं आणि त्यापुढच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. दाखल व्हायच्या आधी ते रुग्णालय योजनेत आहे का आणि हा आजार त्यात बसतो का हे १४५५५ वर विचारा. महिन्याच्या गोळ्यांसाठी उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि जनऔषधी दुकान हेच मार्ग धरा.

परत येतानाचे दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक. घरी जुन्या गोळ्या असतात, हातात नव्या. सून दोन्ही देते. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की वॉर्डमधून निघण्याआधी हे विचारून त्याच कार्डावर लिहून घ्या: नवीन काय, बंद काय, कोणत्या गोळीचा डोस बदलला, कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे, आणि त्रास झाला तर कोणत्या नंबरवर कुणाशी बोलायचं.

तपासा: घरी पोचल्यापासून ४८ तासांच्या आत मुख्य डॉक्टर किंवा सीएचओने कार्ड पाहून यादी नव्याने लिहिली का? लिहीपर्यंत जुन्या गोळ्यांचा डबा कपाटात कुलूपबंद ठेवा.

## टप्पा ८: मे संपायच्या आत पावसाळ्याची तयारी

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. तेव्हा ज्यांच्या घरी चारच दिवसांच्या गोळ्या होत्या, त्यांनी काय करायचं?

महिन्या-दीड महिन्याचा साठा मे अखेरीस भरा, आणि मुदतीच्या तारखा बघून. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत लागतात, गोठू मात्र द्यायच्या नाहीत. वापरात असलेली बाटली साधारण २८ दिवस उन्हाबाहेर, थंड जागी चालते. वीज गेली तर मातीच्या मडक्यात ओल्या वाळूवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा.

वाट ठरवा. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली गेला तर दुसरा रस्ता कोणता? पाखाडीवरून आजींना हातांच्या खुर्चीत उतरवायला कोण चौघं येतील? त्यांची नावं पानावर लिहा. दरड कोसळून कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाट बंद झाला तर कराड-कोल्हापूरचा विचार सोडून खाली कुठे जायचं ते आधी ठरवा. डायलिसिस चालू असेल तर खाडा परवडत नाही. अतिवृष्टीचा इशारा आला की आदल्या दिवशीच केंद्राजवळच्या नातलगांकडे मुक्काम हलवा.

लावणीच्या दिवसांत मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चिखलात उतरू नये, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमांतून शिरतो. ताप, पोटऱ्यांत आणि अंगात जबर दुखणं, डोळे लाल, लघवी कमी, असं काही दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. अंगदुखीची गोळी घेऊन चार दिवस काढू नका, लेप्टो मूत्रपिंडही गाठतो. प्रतिबंधाच्या डॉक्सिसायक्लिनबद्दल आरोग्य केंद्रात विचारा, मनाने घेऊ नका.

## टप्पा ९: दर तीन महिन्यांनी आढावा

तीन महिन्यांनी पुन्हा तीच चटई आणि तोच तक्ता. क्रिएटिनिन, पोटॅशियम, तीन महिन्यांची शुगर यांच्या तारखा डॉक्टरला विचारून वहीत पुढच्या पानांवर आधीच लिहून ठेवा. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पायांची नीट तपासणी. प्रत्येक आढाव्याला डॉक्टरांना विचारा: ‘यातली कुठली गोळी आता कमी करता येईल का?’ आपण विचारलं नाही तर गोळ्या वाढतच जातात.

आजार पुढे सरकला, वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावं लागलं, चालणं बंद झालं, तर पहिल्या पानावरचे प्रश्न आजींना पुन्हा विचारा. व्हेंटिलेटर हवा की नको, शेवटी कुठे राहायचंय, हे त्या बोलू शकतात तोवरच बोलून घ्यायला हवं. धाप आणि वेदना कमी करणारे उपचार घरीही देता येतात. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची सोय कशी आहे ते मुख्य डॉक्टरमार्फत विचारा आणि त्यांना टीममध्ये लवकर घ्या.

आणि फाईल सांभाळणारी सून. महिन्यातून दोन दिवस तिला माहेरी जाता यावं, त्या दोन दिवसांत आजींना कोण बघेल त्याचं नाव आढाव्यातच लिहा. दर महिन्याला आजींना उपकेंद्रात न्याल त्याच दिवशी सुनेचाही बीपी आणि शुगर मोजून घ्या. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी ही तपासणी तिथे मोफत असते.